नोंदवहीत न मावलेला गार्ड

1987 सालच्या मे महिन्याच्या 26 तारखेस बोस्टन गार्डन या जुन्या क्रीडागृहात बोस्टन सेल्टिक्स आणि डेट्रॉइट पिस्टन्स यांच्यात जो सामना झाला, त्याच्या अखेरच्या पाच सेकंदांची चित्रफीत अमेरिकेतील बास्केटबॉलप्रेमींनी इतक्या वेळा पाहिली आहे की, तीत आता नवे काही सापडण्याजोगे उरले असेल असे सहसा कोणास वाटत नाही. डेट्रॉइट एका गुणाने पुढे होते आणि चेंडूही त्यांच्याच ताब्यात होता. आयझाया थॉमसने बाजूच्या रेषेबाहेरून बिल लॅम्बियरकडे टाकलेला चेंडू लॅरी बर्डने मध्येच झडप घालून हिसकावला, रेषेबाहेर जाता जाता कसाबसा तोल सावरला, आणि बास्केटकडे धावत येणाऱ्या एका सहकाऱ्याच्या हाती तो अचूक सोपविला. त्या सहकाऱ्याने प्रतिपक्षाचा बचावपटू अंगावर येत असतानाही तो जाळीत टाकला, तेव्हा घड्याळात एकच सेकंद उरला होता, आणि बोस्टनने तो सामना 108-107 असा जिंकला. क्रीडेतिहासाच्या दप्तरी हा प्रसंग बर्डच्या नावावर दाखल झाला आहे, आणि त्यात अन्याय नाही. परंतु तीच चित्रफीत बर्डवरची दृष्टी क्षणभर काढून घेऊन जो पाहील, त्यास असे आढळेल की चेंडू बर्डच्या हाती पुरता स्थिरावतो न स्थिरावतो तोच तो दुसरा खेळाडू बास्केटच्या दिशेने निघालेला आहे. आजूबाजूचे सारे जण घडले त्याने स्तिमित झालेले असताना, आता काय घडावयास हवे हे ज्यास कळले असे त्या क्षणी दोघेच होते.

त्या दुसऱ्याचे नाव डेनिस जॉन्सन. 1976 पासून 1990 पर्यंतच्या चौदा वर्षांत तो सहा वेळा एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेत उतरला, तीन वेळा विजेत्या संघात होता, त्यांपैकी एकदा अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि 1979 पासून 1987 पर्यंत सलग नऊ वर्षे श्रेष्ठ बचावपटूंच्या अधिकृत संघांत त्याची निवड होत राहिली. त्यांपैकी सहा वेळा पहिल्या संघात. असे असूनही 1996 साली एनबीएने आपल्या पन्नास श्रेष्ठ खेळाडूंची यादी जाहीर केली, तेव्हा तीत त्याचे नाव नव्हते. आणि 2021 साली पंचाहत्तरीच्या निमित्ताने ती वाढविण्यात आली, मतांची बरोबरी झाली म्हणून पंचाहत्तरांऐवजी शहात्तर नावांना तीत जागा करून देण्यात आली, तरीही ते तीत आले नाही. ज्या खेळाडूकडे कोणाचे लक्षच गेले नाही त्याच्या उपेक्षेचे कारण शोधावे लागत नाही. जॉन्सनचा मामला निराळा आहे. त्याच्याबरोबर खेळलेल्यांनी आणि त्याच्याविरुद्ध खेळलेल्यांनी त्याची थोरवी मुक्तकंठाने सांगितली. बर्डने तर आपल्याला लाभलेला सर्वोत्तम सहकारी म्हणून त्याचेच नाव घेतले, आणि ज्या बर्डच्या संघात केव्हिन मॅकहेल, रॉबर्ट पॅरिश आणि बिल वॉल्टन यांच्यासारखी माणसे होती, त्याने ते घेतले, ही गोष्ट लहान नव्हे. मैदानावरची साक्ष एक आणि याद्या करणाऱ्यांचा फैसला दुसरा, अशी जी तफावत येथे पडली, तिचा उलगडा करावयाचा तर या खेळातील गुणवत्ता आपण मोजतो कशी, याचाच थोडा विचार केला पाहिजे.

प्रथम त्याच्या उदयाची हकिकत सांगितली पाहिजे, कारण ती विलक्षण आहे. 1954 च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या परिसरात जन्मलेला जॉन्सन हा सोळा भावंडांतला एक. कॉम्प्टन या कष्टकरी वस्तीच्या गावात तो वाढला आणि वडील गवंडीकाम करीत. शाळेच्या संघात त्यास फारसे खेळावयास मिळाले नाही, उंचीही बेताचीच होती, आणि शाळा सुटल्यावर ताशी पावणेतीन डॉलर मजुरीवर तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवू लागला. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे बहुतेक खेळाडू शाळकरी वयातच हेरले जातात, महाविद्यालये त्यांच्या दारी येऊन बसतात. त्या शिरस्त्याप्रमाणे पाहता जॉन्सनची वाट येथेच संपावयास हवी होती. परंतु त्या एकदोन वर्षांत त्याची उंची झपाट्याने वाढून सहा फूट चार इंचांवर गेली, भावांबरोबर तो उन्हाळी सामने खेळत राहिला, आणि हार्बर कॉलेजचे प्रशिक्षक जिम व्हाइट यांच्या दृष्टीस पडला. तेथून पेपरडाइन विद्यापीठात एक वर्ष, आणि एनबीए संघांनी 1976 साली केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या फेरीत, एकूण 29 व्या क्रमांकावर सिॲटल सुपरसॉनिक्स. त्या वेळी सिॲटलचे प्रशिक्षक होते बिल रसेल, म्हणजे बचावाच्या बळावर अकरा विजेतेपदे मिळविलेला पुरुष. त्यांच्याच संघात जॉन्सनला पहिली जागा मिळाली हा योगायोग मला तरी अर्थपूर्ण वाटतो.

बास्केटबॉलच्या पाच जणांच्या संघात दोन गार्ड असतात. चेंडू पुढे आणणे, डाव मांडणे, दुरून बास्केट करणे ही त्यांची ठळक कामे, आणि त्यांचीच नोंद होते: किती गुण, किती असिस्ट (म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होते असे पास), नेमबाजीची टक्केवारी किती. परंतु प्रतिपक्षाच्या गार्डला ही सारी कामे करू न देणे हे तितकेच मोठे काम आहे, आणि ते कसे होते हे प्रेक्षकाच्या सहसा ध्यानात येत नाही. 1954 साली, म्हणजे योगायोगाने जॉन्सनच्या जन्मसालीच, एनबीएने चोवीस सेकंदांचा नियम केला. चेंडू हाती आल्यापासून तेवढ्या अवधीत बास्केटच्या दिशेने नेम साधलाच पाहिजे. या नियमाने चढाईला वेग आला हे सर्वजण सांगतात, पण त्यानेच चतुर बचावपटूच्या हाती एक नवे शस्त्र दिले हे क्वचितच सांगितले जाते. चेंडू आणणाऱ्या गार्डला जर त्याने पदोपदी वळसा घ्यावयास लावला, त्यास मधोमध न येऊ देता बाजूच्या रेषेकडे लोटले, ज्या सहकाऱ्याकडे पास द्यावयाचा त्याच्या नि चेंडूच्या मध्ये आपला हात ठेवला, तर चोवीसपैकी आठदहा सेकंद डाव मांडण्यापूर्वीच खर्ची पडतात आणि उरलेल्या अवधीत घाईघाईने घेतलेला नेम चुकतो. हा नेम ज्याचा चुकला त्याच्या नावावर तो लिहिला जातो. ज्याच्यामुळे चुकला त्याच्या नावावर काहीही लिहिले जात नाही.

जॉन्सनचे कौशल्य नेमके येथले होते. त्याचे खांदे रुंद, हात लांब, आणि पाय मात्र बुटक्या माणसाच्या चपळाईने आडवे सरकणारे; त्यामुळे आपल्याहून ठेंगण्या आणि वेगवान गार्डला तो निसटू देत नसे आणि आपल्याहून उंच गार्डला त्याच्या उंचीचा लाभ घेऊ देत नसे. एनबीएत ब्लॉक (नेम हवेतच अडविणे) आणि स्टील (चेंडू हिसकावणे) यांची अधिकृत मोजदाद 1973-74 च्या मोसमापासूनच सुरू झाली, आणि तीही बचावाच्या फार थोड्या भागाची साक्ष देते; किंबहुना चेंडू हिसकावण्याच्या हव्यासापायी आपली जागा सोडणाऱ्या बचावपटूचे आकडे फुगतात आणि संघाचे नुकसान होते. मराठी वाचकास हे एकनाथ सोलकरच्या उदाहरणाने चटकन पटेल. फॉरवर्ड शॉर्ट लेगला फलंदाजाच्या पुढ्यात उभा राहणारा सोलकर केवळ पंचविसाच्या आसपासच्या फलंदाजीच्या सरासरीवर जोखला, तर तो सामान्य ठरतो. परंतु 27 कसोटींत त्याने घेतलेले 53 झेल तरी लिहून ठेवलेले आहेत. त्याच्या धाकाने जे फलंदाज फिरकीसमोर पुढे येऊन खेळलेच नाहीत, त्यांचा हिशेब कोठे आहे? जॉन्सनच्या कामगिरीचा बहुतांश भाग या दुसऱ्या जातीचा होता.

सिॲटलमध्ये दुसऱ्या मोसमाच्या आरंभी संघाने 22 पैकी 17 सामने गमावले, तेव्हा लेनी विल्कन्स यांच्याकडे प्रशिक्षकपद आले. त्यांनी गस विल्यम्सच्या जोडीला जॉन्सनला पहिल्या पाचांत तैनात केले, आणि तोच संघ 1978 च्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. वॉशिंग्टन बुलेट्सविरुद्धच्या त्या मालिकेतील तिसऱ्या सामन्यात जॉन्सनने सात ब्लॉक केले. उंच सेंटरांनीच करावे असे हे काम गार्डच्या हातून होणे जवळजवळ अश्रुतपूर्व होते. आणि सातव्या, निर्णायक सामन्यात, स्वतःच्या गावी, स्वतःच्या प्रेक्षकांपुढे, त्याने चौदा वेळा नेम धरला आणि चौदाही वेळा तो चुकला. सिॲटल 105-99 असे हरले. कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षी असा आघात झालेला खेळाडू पुढे निर्णायक क्षणी चेंडू टाळू लागला असता तरी त्यास कोणी दोष दिला नसता. जॉन्सनने आपण दडपणाखाली कोलमडलो हे उघडपणे मान्य केले, आणि पुढच्याच वर्षी त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, त्याच अंतिम मालिकेत, दर सामन्यास जवळजवळ तेवीस गुण, सहा रिबाउंड आणि सहा असिस्ट अशी कामगिरी करून सिॲटलला 4-1 असे विजेतेपद मिळवून दिले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळविला. माणसाची पारख यशापेक्षा अपयशानंतरच्या वर्षात अधिक चांगली होते असे मी मानतो, आणि बास्केटबॉलच्या इतिहासात त्याचे याहून निःसंदिग्ध उदाहरण मला ठाऊक नाही.

यानंतरचा भाग त्याच्या चाहत्यांनाही अवघड वाटतो. विल्कन्स आणि जॉन्सन यांचे पटेनासे झाले, संघाच्या दृष्टीने तो घातक आहे असे मत प्रशिक्षकांनी बोलून दाखविले, आणि 1980 साली विजेतेपद मिळवून वर्ष उलटते न उलटते तोच त्यास फीनिक्स सन्सकडे धाडण्यात आले. मोबदल्यात पॉल वेस्टफल हा नामांकित गार्ड सिॲटलला मिळाला. हट्टी, लहरी, प्रशिक्षकांना न जुमानणारा अशी जी ख्याती या वेळी त्याच्या नावास चिकटली, ती पुढे कितीही चांगले वर्तन झाले तरी सुटली नाही. विल्कन्स हे स्वतः थोर गार्ड. 1996 च्या पन्नास खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव आहे आणि त्याच वर्षीच्या दहा श्रेष्ठ प्रशिक्षकांच्या यादीतही आहे, तेव्हा त्यांच्या मताला वजन असणे स्वाभाविक होते. तथापि पुढे काय घडले तेही पाहिले पाहिजे. जॉन्सन असताना 56 सामने जिंकलेले सिॲटल पुढच्या मोसमात 34 वर घसरले, तर फीनिक्सने 57 सामने जिंकून पश्चिम विभागात पहिले स्थान मिळविले, आणि जॉन्सनची निवड त्या वर्षी एनबीएच्या सर्वश्रेष्ठ पाच जणांत झाली. एवढ्यावरून सारे श्रेय किंवा सारा दोष एका अदलाबदलीवर टाकणे न्यायाचे होणार नाही, कारण गस विल्यम्स कराराच्या वादामुळे ते वर्षभर खेळलाच नाही आणि वेस्टफल दुखापतीने बराच काळ बाहेर राहिला. परंतु ज्याच्या असण्याने संघाची घडी मोडते असा आक्षेप होता, त्याच्या जाण्याने सिॲटलची घडी बसली नाही आणि त्याच्या येण्याने फीनिक्सची मोडली नाही, एवढे तरी हे आकडे निश्चितपणे सांगतात.

1983 साली बोस्टनने त्यास रिक रोबी या राखीव सेंटरच्या बदल्यात घेतले. या व्यवहाराची तुलना करण्याजोगा एकतर्फी व्यवहार शोधावयाचा तर बराच शोध घ्यावा लागेल. बोस्टनला त्या वर्षी मिलवॉकीने चार सामन्यांत चारी मुंड्या चीत केले होते, फिलाडेल्फियाचा अँड्र्यू टोनी त्यांच्या गार्डांना वर्षानुवर्षे छळत आला होता, आणि गार्डच्या जागेवरचा बचाव हे त्या संघाचे उघड वैगुण्य होते. नवे प्रशिक्षक के. सी. जोन्स हे रसेल यांच्या काळातील सेल्टिक्सचे गार्ड, आणि त्यांचा लौकिकही गुणांसाठी नसून बचावासाठीच झालेला. जॉन्सनची किंमत ओळखावयास याहून योग्य पारखी मिळाला नसता.

1984 ची अंतिम मालिका या दृष्टीने बारकाईने अभ्यासण्यासारखी आहे. लॉस एंजेलिस लेकर्सचा मॅजिक जॉन्सन हा सहा फूट नऊ इंच उंचीचा गार्ड, म्हणजे फॉरवर्डच्या देहात वावरणारा सूत्रधार. प्रतिपक्षाच्या गार्डांच्या डोक्यावरून सारे मैदान त्यास दिसत असे आणि म्हणूनच त्याचे पास अडविणे कठीण होते. पहिल्या तीन सामन्यांत त्याच्यावरील बचाव मुख्यतः बोस्टनच्या जेराल्ड हेंडरसनकडे होता. तिसरा सामना लेकर्सनी 137-104 असा जिंकला, आणि त्यात मॅजिकने एकवीस असिस्ट दिले; अंतिम मालिकेतील तो उच्चांक होता. चौथ्या सामन्यापासून जोन्स यांनी डेनिस जॉन्सनला मॅजिकसमोर उभे केले. पाच इंचांनी ठेंगणा असलेल्या जॉन्सनने त्यास बास्केटजवळ अडविण्याचा नाद सोडून अर्ध्या मैदानापलीकडेच गाठावयास आरंभ केला. चेंडू पुढे आणण्याचेच काम इतके कष्टाचे करावयाचे की, डाव मांडण्याच्या वेळी मॅजिकची दृष्टी आणि पाय दोन्ही थकलेले असावेत, असा त्याचा बेत दिसतो. त्या मालिकेच्या उत्तरार्धात ऐन मोक्याच्या क्षणी मॅजिकच्या हातून चेंडू निसटले, फ्री थ्रो हुकले, आणि लेकर्सची जी धावती चढाई पहिल्या तीन सामन्यांत अनिवार वाटत होती तिचा वेग मंदावला. बोस्टनने मालिका 4-3 अशी जिंकली. त्या शेवटच्या चारही सामन्यांत जॉन्सनने स्वतः वीसपेक्षा कमी गुण केले नाहीत हेही ध्यानात घेतले पाहिजे, कारण बचावात झिजणारा खेळाडू चढाईत हात राखून वागतो असा सर्वसाधारण अनुभव आहे. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान बर्डला मिळाला आणि तो त्याचाच होता; परंतु मालिका ज्या ठिकाणी वळली ते ठिकाण जॉन्सनचे होते. पुढे मॅजिकनेच त्यास गार्डांमधील सर्वकाळचा श्रेष्ठ बचावपटू म्हटले, आणि या बाबतीत त्याच्याइतका अधिकारी साक्षीदार दुसरा कोण असणार?

पुढच्या वर्षी लेकर्सनी सूड उगविला, पण चौथा सामना त्यांच्याच गावी अखेरच्या क्षणी जॉन्सनने जिंकून दिला. बर्डला दोघांनी घेरले, त्याने चेंडू सोडला, आणि जॉन्सनने दुरून मारलेला नेम लागून सामना 107-105 असा संपला. 1986 चे सेल्टिक्स तर सर्व काळातील श्रेष्ठ संघांत गणले जातात: मोसमात 67 विजय, घरच्या मैदानावर 41 पैकी केवळ एक पराभव.

आता आकड्यांकडे वळू. कारकिर्दीत 1100 सामने, 15,535 गुण, 5,499 असिस्ट. सरासरी दर सामन्यास 14.1 गुण आणि पाच असिस्ट. पीट मॅराविचची सरासरी 24.2 गुणांची आहे. त्याचे नाव दोन्ही याद्यांत आहे आणि त्याच्या अलौकिक हस्तकौशल्याकडे पाहता ते असावे हे मलाही मान्य आहे. परंतु जॉन्सनची 14.1 ही संख्या कशी तयार झाली हे पाहिल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही. सिॲटल आणि फीनिक्समध्ये तो मुख्यतः गुण करणारा गार्ड होता आणि त्याची सरासरी अठरा-एकोणीस गुणांपर्यंत गेली होती. बोस्टनमध्ये बर्ड, मॅकहेल आणि पॅरिश असताना आणखी एका गुण करणाऱ्याची गरज नव्हती. गरज होती ती चेंडू योग्य वेळी योग्य हाती पोहोचविणाऱ्याची. तिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या, अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाने आपला खेळ मुळापासून बदलला, आणि 1987-88 मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्याच्या असिस्टची सरासरी दर सामन्यास 7.8 पर्यंत चढली. त्याच्या गुणांची सरासरी उतरली ती कुवत उतरल्यामुळे उतरली असे म्हणावे, तर बाद फेरीचे आकडे त्यास आडवे येतात: तेथील 180 सामन्यांत त्याची सरासरी 17.3 गुणांची आहे. प्रतिस्पर्धी जसजसे बलवान होत जातात, बचाव जसजसा कडक होत जातो, तसतशी बहुतेकांची सरासरी स्थिर राहते किंवा घसरते; जॉन्सनची ती तीन गुणांनी वाढते. मॅराविच आणि जॉन्सन यांच्यात संघासाठी अधिक सामने कोणी जिंकून दिले असे विचाराल, तर मी क्षणाचाही विलंब न लावता जॉन्सनचे नाव घेईन.

त्याच्या विरुद्ध पक्षाची कैफियतही पोकळ नाही. त्याची नेमबाजी सामान्य होती. मैदानी नेमांची टक्केवारी 44.5, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून तर केवळ 17.2, आजच्या खेळात असा गार्ड प्रतिपक्षाने खुशाल मोकळा सोडला असता. शिवाय तीन विजेतेपदांपैकी दोन त्याने बर्डच्या सावलीत मिळविली, आणि बर्ड, मॅकहेल, पॅरिश ही त्रयी पाठीशी असताना कोणीही चांगला गार्ड यशस्वी झाला असता असेही म्हटले जाते. यांपैकी पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्याच कारणास्तव मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, कोबे ब्रायंट किंवा स्टीफन करी यांच्या पंक्तीत त्यास बसविण्याचा आग्रह मी धरणार नाही. दुसरा आक्षेप मात्र पुराव्यापुढे टिकत नाही. बर्ड, मॅकहेल आणि पॅरिश जॉन्सनच्या आधीही बोस्टनमध्ये होते. 1981 मध्ये ते जिंकले, पण 1982 मध्ये फिलाडेल्फियाने त्यांना बाहेर काढले आणि 1983 मध्ये मिलवॉकीने. जॉन्सन आल्यावर तोच संघ सलग चार वर्षे अंतिम मालिकेत पोहोचला. आणि 1979 मध्ये तर त्याच्यापाशी बर्ड नव्हता, मॅकहेल नव्हता. होते ते गस विल्यम्स, जॅक सिकमा, फ्रेड ब्राउन यांच्यासारखे उत्तम पण युगप्रवर्तक न म्हणता येणारे सहकारी.

मग विस्मरण का? सिॲटलचे विजेतेपद ज्या काळातले, त्या काळी एनबीएला दूरचित्रवाणीवर प्रेक्षक मिळत नव्हते. 1980 च्या अंतिम मालिकेचा निर्णायक सामनासुद्धा देशाच्या बऱ्याच भागात रात्री उशिरा, ध्वनिचित्रमुद्रणावरून दाखविण्यात आला. त्यातच 2008 साली सिॲटलचा संघ ओक्लाहोमा सिटीस हलविण्यात आला. ज्या शहरात एखाद्या खेळाडूच्या नावाचा जयघोष व्हावयाचा त्या शहरात त्याचा संघच उरला नाही, तर त्याच्या पराक्रमाचा वारसा सांगणार कोण? बोस्टनमध्ये वारसा सांगणारे पुष्कळ, पण तेथे सांगण्यासारखे वीरही पुष्कळ. सेल्टिक्सनी 1991 च्या डिसेंबरात त्याचा तीन क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. हॉल ऑफ फेमची दारे मात्र वर्षामागून वर्षे बंद राहिली. 2007 च्या फेब्रुवारीत टेक्ससमधील ऑस्टिन येथे दुय्यम लीगमधील एका संघाचा प्रशिक्षक म्हणून काम करीत असताना तो एकाएकी कोसळला आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी वारला. हॉल ऑफ फेमने त्याचा स्वीकार केला तो 2010 साली. जो मान वीस वर्षांपूर्वी खेळ सोडलेल्या माणसास जिवंतपणी देता आला असता, तो त्याच्या पश्चात देण्यात आला, याची खंत मला आजही वाटते.

तेव्हा त्याचे स्थान कोणते? वॉल्ट फ्रेझरपेक्षा त्यास वर ठेवता येणार नाही. फ्रेझरचा बचाव त्याच्या तोडीचा आणि नेमबाजी त्याहून सरस होती. आयझाया थॉमसची चढाईतील प्रतिभाही अधिक तेजस्वी. सिडनी मॉनक्रीफ एकेका मोसमाच्या हिशेबाने कदाचित त्याच्यापुढे जाईल, 1983 आणि 1984 या दोन्ही वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्यालाच मिळाला होता, पण त्याचा बहर अल्पकाळ टिकला आणि अंतिम मालिका त्याने पाहिलीच नाही. जो ड्युमार्स स्वभावाने आणि कार्याने जॉन्सनचा सर्वांत जवळचा नातलग: अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, प्रथम दर्जाचा बचावपटू, मोठ्या नावांच्या मागे राहून खेळणारा, तरीही त्याचा लांबवरचा नेम चांगला असूनसुद्धा मी जॉन्सनला त्याच्या एक पायरी वर ठेवीन, कारण दोन निरनिराळ्या संघांत, दोन निरनिराळ्या भूमिकांत, त्याने विजेतेपद मिळविले. केवळ बचावापुरते बोलावयाचे तर गॅरी पेटन, फ्रेझर, मॉनक्रीफ आणि जॉर्डन यांच्या जोडीने त्याचे नाव पहिल्या पाचांत येते, आणि त्यांच्यातला अनुक्रम ठरविण्याचे धाडस मी करणार नाही. खेळाची सर्व अंगे एकत्र घेऊन सर्वकाळच्या गार्डांची एकच यादी करावयाची झाली तर मी त्यास पंधरा ते वीस या क्रमांकांच्या दरम्यान, पंधराकडे झुकणाऱ्या जागी, बसवीन. आणि ज्या यादीत शहात्तर नावांना जागा आहे, तीत त्यास नसावी याचे समर्थन मला तरी कोणत्याही कसोटीवर करता येत नाही.